दहापैकी दहा, आणि रोज वीस किलो लीद!

१९३२ सालचं लॉस एंजलिस ऑलिंपिक. स्वीडनच्या बर्टिल सांडस्ट्रॉमची कामगिरी अशी झाली की परीक्षकांनी त्याला दुसरा क्रमांक दिला. रौप्यपदक हातात आल्यातच जमा होतं. तेवढ्यात आक्षेप आला: हा स्वार जिभेने टक् टक् करून घोड्याला चुचकारत होता! सांडस्ट्रॉम म्हणाला, आवाज माझा नाही, खोगीर कुरकुरत होतं. पण त्याचं ऐकलं गेलं नाही आणि त्याची रवानगी थेट शेवटच्या क्रमांकावर झाली.

ड्रेसाज हा असा खेळ आहे. इथे उड्या नाहीत, शर्यत नाही, आणि घोड्याशी बोलायची सोय नाही. आजही तोंडातून आवाज काढला की गुण कापले जातात. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशा वाळूच्या आयतात घोड्याने चालायचं, दुडकायचं, तिरपं सरकायचं, जागच्या जागी तालात टापा उचलायच्या, मागच्या पायांवर तोल घेऊन गिरकी घ्यायची; आणि पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे सगळं त्याला आपणहून सुचतंय. स्वाराकडे भाषा आहे ती कमरेची, पोटऱ्यांची आणि लगाम धरलेल्या बोटांची.

घोड्याला एवढं बारीक कळतं?

कळतं, आणि आपण सांगितलं नाही तरी कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. ‘तीन अधिक चार किती?’ विचारलं की खूर सात वेळा आपटायचा. लोक बघायला गर्दी करत. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याचं गुपित शोधलं. उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या अंगात नकळत ताण यायचा, आणि आकडा पुरा होताच डोकं किंचित हलायचं. हान्स तेवढं पाहून थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सही चुकायचा. गंमत पुढे आहे: गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पुरती आवरता येईना.

या गोष्टीवरून हान्सला गणित येत नव्हतं एवढंच लोक लक्षात ठेवतात. मला विचाराल तर त्याने गणितापेक्षा अवघड काम केलं होतं. समोरच्या अनोळखी माणसाचं अंग तो वाचत होता. ड्रेसाजचा सगळा डोलारा या एका देणगीवर उभा आहे. अंगावर माशी बसली तर घोडा नेमकी तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो; मग पाठीवर बसलेल्या माणसाने श्वास रोखला तर त्याला कळणार नाही? २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. रागीट चेहरा पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले.

म्हणून घरचं भांडण तबेल्याच्या दारातच ठेवायचं असतं.

आता लीद

घोडेमालकाला पदकांबद्दल विचारा, तो दोन वाक्यं बोलेल. लिदीबद्दल विचारा, अर्धा तास गेला समजा. पाचशे किलोचं जनावर दिवसातून आठ-दहा वेळा लीद टाकतं. रोजचे पंधरा-वीस किलो सहज होतात. ती उचलणं हे काम, आणि उचलताना नीट पाहणं हे त्याहून मोठं काम. घट्ट आहे की सैल, कोरडी आहे की ओली, रोजच्याइतकी आहे की कमी, यावरून घोड्याच्या पोटाचा हवामान अंदाज मिळतो.

आणि पोट हीच त्याची दुखरी जागा. घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत वर येत नाही. चुकीचं खाल्लं, खूप खाल्लं किंवा आतडं अडलं की पोटशूळ, आणि तो जिवावरही बेततो. घोडा सारखा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघू लागला, खुराने जमीन उकरू लागला, लोळू लागला, की रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरांना फोन जातो.

त्यातून निसर्गाने आणखी एक अडचण करून ठेवली आहे. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, पण ते शमवणारी लाळ सुटते फक्त चघळताना. मोकळ्या माळावर दिवसभर चरणाऱ्या जनावराला हे ठीक आहे. आपण त्याला खोलीत बांधून दोन वेळा जेवू घातलं, तर मधल्या वेळात पोटात व्रण होऊ लागतात. म्हणून समजूतदार मालक दिवसाला दहाएक किलो सुका चारा थोडा थोडा करून पुढ्यात ठेवत राहतो. त्यावर लसूणघास, आणि चंदी मापात. हरभऱ्याचा तोबरा भरून दिला की घोडा खूश होतो हे खरं, पण पोट त्याच्या खुशीवर चालत नाही.

झोपेचं गणित तर अजबच. घोडा दिवसाकाठी जेमतेम तीन तास झोपतो, तेही तुकड्या-तुकड्यांत आणि बरंचसं उभ्या-उभ्या. पायांचे सांधे अडकवून ठेवण्याची सोय शरीरातच असल्याने तो पेंगतो, पण पडत नाही. गाढ झोप मात्र आडवं झाल्याशिवाय लागत नाही, आणि सुरक्षित वाटल्याशिवाय घोडा आडवा होत नाही. सकाळी दार उघडल्यावर मालक आधी कुशीकडे बघतो. तिथे भुसा चिकटलेला असला की समजायचं, गडी रात्री निवांत पसरला होता. मग दिवसभराचं काम चांगलं होणार.

यानंतर खरारा. धूळ झाडणं हा त्याचा वरवरचा उपयोग. घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी, खांद्याच्या वरच्या उंचवट्यावर दातांनी खाजवतात. फ्रान्समध्ये १९९३ साली संशोधकांनी तिथे हाताने खाजवून घोड्यांचे ठोके मोजले, तर ते मंदावलेले आढळले. निष्णात स्वार कठीण हालचाल पार पडली की हलकेच लगामाची बोटं तिथे टेकवतात. शाबासकी पोचते आणि कोणाला काही ऐकू येत नाही. तबेल्यात रोज सकाळी कमावलेला विश्वास मैदानात असा वटवला जातो.

सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतो, वर्षाला एकदा तरी दात घासून सारखे करावे लागतात, आणि घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो. पुण्याच्या उन्हाळ्यात याहूनही जास्त.

न दिसणारा ठिपका

ड्रेसाजच्या मैदानाच्या कडेने इंग्रजी अक्षरं लावलेली असतात आणि त्यांचा क्रम पाहून पहिल्यांदा माणूस चक्रावतो: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. मोठ्या मैदानात मधेमधे आणखी चार. प्रत्येक हालचाल नेमक्या अक्षरापाशी सुरू व्हायला हवी. सगळ्यात महत्त्वाचं अक्षर एक्स, मैदानाचा मध्यबिंदू. तिथे थांबून परीक्षकांना अभिवादन करायचं असतं, आणि त्या जागी कसलीही खूण नसते.

प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. दहा म्हणजे सर्वोत्कृष्ट, शून्य म्हणजे जमलंच नाही. ऑलिंपिकला सात परीक्षक कडेने वेगवेगळ्या ठिकाणी बसतात, कारण समोरून सरळ दिसणारा घोडा बाजूने पाहिला तर रेंगाळत असू शकतो. ग्रां प्री या सर्वोच्च पातळीवर, दौडताना दर ढांगेला आघाडीचा पाय बदलायचा, तोही सलग १५ वेळा. आठ वर्षांखालच्या घोड्याला या पातळीवर उतरताच येत नाही. तीन-चार वर्षांचं शिंगरू पाठीवर माणूस घ्यायला शिकतं. तिथून इथवर यायला निम्मं दशक सहज जातं.

सार्जंट, पोलिओ आणि एक्काहत्तरी

या खेळातल्या माणसांच्या कहाण्या घोड्यांइतक्याच भारी आहेत. पूर्वी ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये फक्त लष्करी अधिकाऱ्यांना प्रवेश होता. १९४८ मध्ये लंडनला स्वीडनने सांघिक सुवर्ण जिंकलं. नंतर उघड झालं की संघातला गेनेल पेर्सन मुळात सार्जंट. स्पर्धेपुरतं त्याला लेफ्टनंट केलं आणि स्पर्धा संपल्यावर पुन्हा खाली उतरवलं. पुढच्या वर्षी पदक काढून घेतलं गेलं आणि सुवर्ण फ्रान्सला मिळालं. पण त्या हुद्द्याच्या अटीचं हसं झालं ते झालंच. १९५२ ला हेलसिंकीत दारं सगळ्यांना उघडली. त्याच तिघा स्वारांच्या स्वीडिश संघाने, पेर्सनसकट, सुवर्ण परत जिंकलं. १९५६ लाही जिंकलं.

त्याच उघडलेल्या दारातून डेन्मार्कची लिस हार्टेल आत आली. १९४४ मध्ये, गरोदर असताना तिला पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पाय लुळे पडले. घोडीवर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. जिथे पोटरीचा इशारा हेच मुख्य साधन, तिथे ही बाई पाठीच्या आणि वजनाच्या सूक्ष्म बदलांवर ज्युबिलीला चालवायला शिकली, आणि ज्युबिली ते ऐकायला शिकली. हेलसिंकीत पुरुषांच्या बरोबरीने खेळून तिने वैयक्तिक रौप्य मिळवलं. सुवर्णविजेत्या हेन्री सेंट सीरने तिला हात देऊन विजयमंचावर चढवलं. चार वर्षांनी पुन्हा रौप्य. तो १९५६ चा सामनाही मजेशीर: ऑलिंपिक मेलबर्नला आणि घोडेस्वारी स्टॉकहोमला, कारण ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे नियम परदेशी घोड्यांना आत येऊ देईनात!

स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत समोरासमोर उतरतात, आणि वयाचीही फारशी पत्रास नसते. जपानचा हिरोशी होकेत्सू १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये घोड्यावरून अडथळे ओलांडत होता. २०१२ मध्ये लंडनला तो ड्रेसाजच्या मैदानात उतरला तेव्हा ७१ वर्षांचा होता. जर्मनीच्या इझाबेल वेर्थच्या खात्यात २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर १४ ऑलिंपिक पदकं आहेत.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये तर परंपरा १५६५ पर्यंत मागे जाते. तिथले शुभ्र लिपिझान घोडे जन्मतात काळे किंवा तपकिरी, आणि पांढरे व्हायला सहा ते दहा वर्षं घेतात. मुलींना तिथे उमेदवारीचा प्रवेश मात्र २००८ मध्ये मिळाला. फार उशीर केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपली चौकडी

२६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मुंबईचा हृदय छेडा, इंदूरची सुदिप्ती हजेला, जयपूरची दिव्यकृती सिंग आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. गुण २०९.२०५, मागे चीन. घोडेस्वारीत भारताला १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी मिळालेलं हे सुवर्ण. अनुषने वैयक्तिक कांस्यही आणलं आणि पुढच्या वर्षी पॅरिसला तो ऑलिंपिक ड्रेसाजमधला पहिला भारतीय ठरला. हे यश युरोपात सराव करून मिळालं, पण घोड्याचं वेड आपल्याकडे नवं नाही. तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला आजही घोड्यांचा बाजार भरतो, आणि भीमाकाठच्या भीमथडी घोड्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली.

चाबकाचं काय?

हा प्रश्न टाळून ड्रेसाजवर प्रेम करता येत नाही. जवळपास २४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. जबरदस्तीने करून घेतलेल्या कामात घोड्याला काही समजत नाही आणि त्यात सौंदर्यही उतरत नाही. नर्तकाला फटके मारून नाचवावं तसं ते होतं, असं त्याचं म्हणणं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिनने व्हलेग्रो या घोड्यावर संगीतासह ९४.३ टक्क्यांचा विश्वविक्रम केला, आणि दहा वर्षांनी याच शार्लटला, शिकवणीत घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाची चित्रफीत बाहेर आल्यावर, पॅरिस ऑलिंपिक सोडावं लागलं आणि वर्षभराची बंदी भोगावी लागली. बंदी झाली ते योग्यच झालं. टक्के कितीही असोत, मार खाणारं जनावर पाहून टाळ्या वाजवायच्या नसतात.

तेव्हा पुढच्या वेळी ड्रेसाज पाहाल तर गुणफलकाआधी घोडा पाहा. शेपूट सैल झुलते की रागाने फटकारते? कान मागेपुढे फिरून स्वाराकडे लक्ष देताहेत की मागे चिकटलेत? मागचे पाय पोटाखाली खोलवर येताहेत का? आणि संगीतावरची फेरी असेल, १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्येही असते, तर हे ध्यानात ठेवा: घोड्याला गाण्यावर नाचवलेलं नसतं. आधी त्याच्या चालीचे ठोके मोजतात आणि संगीत त्यांवर बेतून बसवतात.