सराफ्यातली सम

पहाटे पाच

जबलपूरच्या सराफ्यात शटरं अजून खाली आहेत. जुनी तबकडी वाजवायची ती याच वेळेला. कमानिया गेटकडून गाड्या सुरू झाल्या की घराची फरशी बारीक थरथरते आणि ती थरथर सुईतून थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. ७८ची तबकडी एलपीच्या सुईने वाजवायची नाही. तिची खाच रुंद असते, तिला ३ मिलची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त देते. धूळ मऊ ब्रशने काढायची. स्पिरिट मात्र लावायचं नाही, कारण तबकडी लाखेची आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. खालच्या गल्लीत पोकळ दागिन्यांत भरतात ना, तीच लाख शुद्ध करून यात मिसळलेली.

आज नव्या हिप-हॉप बीटसाठी बालगंधर्वांची ‘सौभद्र’ नाटकातली पदं काढली आहेत. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं, पण त्यात केवढा ऐवज! पायपेटीचा भरणा, सारंगीची मींड, गळ्याच्या मागे सावलीसारखा चालणारा तबला.

साडेसात

चहा. तोवर मी दोन जागा कापून लूप लावलेला असतो आणि आई स्वयंपाकघरातूनच म्हणते, “अगं, तान अर्धीच तोडलीस. समेवर तरी येऊ दे तिला.”

ऐकते मी तिचं. त्रितालाच्या सोळा मात्रा म्हणजे हिप-हॉपचे चार-चारचे चार बार. एक आवर्तन अख्खं घेतलं तर सम आपसूक पहिल्या ठोक्यावर येऊन बसते. हे गणित मला कुठल्याही शिकवणीआधी घरातच मिळालं.

नऊ

कापाकापी. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात सगळा मिळून दहा सेकंदांचा आवाज मावायचा. न्यूयॉर्कची मुलं ३३च्या तबकड्या ४५च्या वेगाने वाजवून आत घ्यायची आणि मग यंत्रात सूर खाली ओढायची. जागा वाचे, आणि त्या ओढण्यातून आवाजाला जो दाणेदारपणा येई तोच त्या काळाचा रंग ठरला. माझ्या लॅपटॉपला अशी अडचण नाही, तरी मी दहा सेकंदांचीच मर्यादा पाळते. जागा अमाप असली की माणूस निवडत नाही, नुसता साठवतो. सकाळचे दोन तास निव्वळ ऐकण्यात जातात आणि हाती येतो सारंगीचा दीड सेकंद. तेवढा पुरतो.

साडेअकरा

बाजार उघडला. आता माइक सुरू ठेवून गाणं टिपणं अशक्य, पण बाजार टिपता येतो. शेजारच्या कारागिराला विचारलं, “भैया, एक बार और ठोक दोगे?” तो हसून म्हणाला, “दीदी, जितनी बार कहो.” ऐरणीवरची छोटी हातोडी: टोक कोरडं, मागे धातूची बारीक शेपटी. हाय-हॅटच्या जागी यापेक्षा चांगलं मला काही नको.

दोन

जेवण उरकून ड्रम. दिवसातलं खरं काम हे. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, दाबलं की प्रत्येक ठोका सरळ रेघेवर जाऊन बसतो. मी ते दाबत नाही. रॉजर लिन यांनी एमपीसी या यंत्रात झोलाचं, म्हणजे स्विंगचं, प्रमाण ठेवलं होतं, ५० टक्के म्हणजे सरळ आणि ६६च्या आसपास तिस्राची चाल. पण हिप-हॉपचे निर्माते जे डिला यांनी पुष्कळदा हातानेच वाजवून ठोके किंचित मागेपुढे राहू दिले. त्यांचं एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याकडे गंधर्व कंपनीत अहमदजान थिरकवा तबल्याला बसत. अशा संगतीत लय गायकाबरोबर श्वास घेते, तबकडीच्या शेवटाकडे जरा चढतेही. तिला रेघेवर ठोकून बसवणं म्हणजे ज्यासाठी ती तबकडी हातात घेतली तेच फेकून देणं. म्हणून मी लूपला बीटवर ओढत नाही. किक आणि स्नेअर लूपच्या मागे नेते, एकेक ठोका, कानाने. मिनिटाला ८६ ठोक्यांच्या आसपास बसतं. पाच कधी वाजतात कळत नाही.

सहा

खोव्याची जलेबी आणि पाय मोकळे.

सात

वही. कोणती तबकडी, कोणता क्रमांक, कुठून कुठवर घेतलं, सगळं लिहायचं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि शब्द-चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘सौभद्र’चे कर्ते किर्लोस्कर १८८५ साली गेले. १९३०च्या दशकातली ‘सौभद्र’ची तबकडी दोन्ही बाजूंनी मोकळी. नव्या गाण्यांचं तसं नाही. २००२ साली अमेरिकेत गायिका ट्रूथ हर्ट्सच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात ‘ज्योती’ चित्रपटातला लताबाईंचा आवाज न विचारता वापरला गेला, आणि पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने मूळ संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्रीच रोखली. कायदा मोकळा असला तरी मी गाणाऱ्याचं नाव लिहितेच. आवाज त्यांचा आहे.

साडेदहा

शटरं पडली की मिक्स. हेडफोनवर, मग मोबाइलच्या स्पीकरवर, कारण ऐकणारे तिथेच ऐकतात. बासने पायपेटी झाकली जात होती, ती थोडी वर आणली. फाइल रॅपर मित्राला पाठवताना खाली लिहिलं: “तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी चार मात्रा मोकळ्या ठेवल्या आहेत. तिथे शब्द घालू नकोस रे, सारंगी समेवर येऊ दे, मग तू ये.”