अपूर्णविरामाचा अधिकार

पत्त्यांचा कॅट हाती घेतला की पानांवर चित्रे आणि ठिपके तेवढे दिसतात. खेळाचे नियम राहतात ते भिडूंच्या स्मरणात. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ रचला आणि ही व्यवस्था पालटली. येथे बहुतेक पाने आपापला कायदा अंगावर छापूनच येतात, आणि मूळ नियमसंहितेशी त्यांचा विरोध आला तर संहितेच्याच हुकमाने पानाचे म्हणणे ग्राह्य ठरते. उत्सर्गाहून, म्हणजे सामान्य नियमाहून, अपवाद बलवान, हा आपल्या वैयाकरणांचा न्यायच हा. मात्र अपवाद बोलणारी पाने आज २०,००० हून अधिक झाली आहेत.

मेजावर तंटा पडला तर पंच फैसला देतो. २०१९ साली रीतसर प्रसिद्ध झालेल्या 'मॅजिक अरेना' या संगणकीय आवृत्तीत तो अधिकार यंत्राकडे आहे. त्यासाठी योजलेली 'क्लिप्स' ही भाषा मुळात १९८५ च्या सुमारास नासाच्या जॉन्सन अवकाश केंद्रात, तज्ज्ञांचे ज्ञान नियमरूपाने साठवावे म्हणून जन्मली. तिच्यातील नियम दप्तरातील कलमांसारखे निजून असतात. अमुक परिस्थिती उत्पन्न झाली की तेवढेच कलम जागे होऊन अंमल बजावते.

पण पानावरचे इंग्रजी वाक्य या भाषेत उतरते कसे? त्याकरिता एक स्वतंत्र वाचक-यंत्रणा वाक्याची फोड करते आणि त्यातून आज्ञा तयार करते. जेथे ती अडखळते तेथे माणसांना हात घालावा लागतो. हे वाचन शक्य होते याचे कारण असे, की या खेळात विरामचिन्हालाही कायद्याचे बळ आहे: अपूर्णविरामाच्या अलीकडे लिहिलेले ते मोल, पलीकडे लिहिलेले ते फळ, 'जेव्हा' या अर्थाच्या शब्दाने आरंभ झाला तर ते कलम घटनेची वाट पाहत बसते, आणि 'त्याऐवजी' असा शब्द आला तर घडू पाहणारी घटना घडण्यापूर्वीच बदलते.

क्रमाचा निर्णयही असाच काटेकोर आहे. दोन बळाच्या अस्वलावर प्रतिपक्षाने तीन घावांची वीज सोडली आणि उत्तरादाखल आपण अस्वलाचे बळ तीनने वाढवणारे पान टाकले, तर दोन्ही आज्ञा चळतीत एकावर एक रचल्या जातात, शेवटची प्रथम फळते, आणि पाच बळाचे झालेले अस्वल तीन घाव सोसून उभे राहते. अनेक पानांचे परिणाम एकाच वस्तूवर एकत्र आले तर सात थरांची उतरंड ठरलेली आहे. नक्कल प्रथम, बळाची बेरीज-वजाबाकी अखेरीस.

हे शिस्तीचे गद्य एका दिवसात घडले नाही. आरंभीची पाने समजूतदार वाचकाला उद्देशून, ऐसपैस भाषेत लिहिलेली होती. पुढे त्यांचे शब्द पुनःपुन्हा तपासून, एका अर्थाला एकच वचन नेमून, नवे मसुदे सिद्ध झाले. आज जुन्या पानावर काहीही छापलेले असो, खेळात प्रमाण मानतात तो हा सुधारित पाठ. त्या मसुदाकारांपुढे प्रारंभी संगणक नव्हता. दोन अनोळखी माणसांनी एकच वाक्य वाचावे आणि त्यांच्यात वाद उरू नये, एवढीच त्यांची तळमळ होती. माणसाशी राखलेला हा प्रामाणिकपणाच पुढे यंत्राच्या उपयोगी पडला, आणि लिहिणाऱ्याने मन लावून ठेवलेल्या दोन टिंबांवरून ते मोल आणि फळ वेगळे ओळखू लागले.