विश्लेषण : ट्रॅक लॅपटॉपमध्ये आहे, मग ऐनवेळी सापडत का नाही?

गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, मग लग्नसराई... बारा-पंधरा वादकांचा ताफा घेऊन फिरणे आता थोड्याच वाद्यवृंदांना परवडते. बाकीच्यांचा कार्यक्रम चार-पाच वादक आणि लॅपटॉपमधला ‘ट्रॅक’ यांच्यावर उभा असतो. निवेदकाने गाण्याची घोषणा केली, गायिका माइकपुढे आली आणि स्पीकरमधून भलत्याच गाण्याचे म्युझिक सुरू झाले, हा प्रसंग त्यामुळे आता नवलाचा राहिलेला नाही. अशा वेळी शिव्या लॅपटॉपला बसतात. दोष मात्र बहुतेकदा फायली ठेवण्याच्या पद्धतीत असतो.

हा प्रश्न नवा का?

जपानमधील कोबे शहरात दाइसुके इनोऊए या वादकाने १९७१ मध्ये नाणे टाकून चालणारे ‘८ ज्यूक’ हे यंत्र तयार केले आणि वादकांशिवाय गाण्याची सोय झाली. त्यात टेप होती. पुढे कॅसेट आल्या, १९९२ मध्ये मिनीडिस्क आली. कॅसेटवर गाण्यांचा क्रम टेपमध्येच पक्का असे आणि गोंधळ झालाच तर खोक्यावरची चिठ्ठी वाचता येई. फायलीला स्वतःचा क्रम नसतो. तिला नाव असते, आणि ते आपण देऊ तसे असते. आज ट्रॅक व्हॉट्सॲपवरून येतो. तो ऑडिओ म्हणून पाठवला तर अनेकदा मूळ नाव जाऊन ‘एयूडी’, तारीख आणि एक आकडा एवढेच उरते. अशा चाळीस फायलींतून अंधाऱ्या विंगेत गाणे शोधायचे म्हणजे परीक्षाच! ट्रॅक ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला तर नावही टिकते आणि दर्जाही.

फायलीच्या नावात काय हवे?

गाण्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव आणि पट्टी, एवढे तरी हवेच. पट्टी सर्वांत महत्त्वाची. तेच गाणे गायक काळी १ मध्ये गातो, गायिकेला ते काळी ४ किंवा काळी ५ मध्ये लागते. दोन्ही फायलींची नावे सारखी असतील, तर चूक पहिली ओळ गाऊ लागल्यावरच कळते. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल’ ही नावे तर टाळावीतच. बदललेल्या ट्रॅकवर तारीख घालावी आणि जुना ट्रॅक वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावा.

ड्रमरला ताल कळावा म्हणून काही ट्रॅकमध्ये डाव्या चॅनेलवर म्युझिक आणि उजव्यावर ‘क्लिक’ असते. त्या फायलीच्या नावात तसे लिहिलेच पाहिजे. साध्या स्टिरिओ प्लेअरवर ती वाजली, तर टिकटिक प्रेक्षकांपर्यंत पोहोचते. नावे रोमन लिपीत लिहिणे सोयीचे, कारण जुन्या प्लेअरच्या पडद्यावर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दिसतात.

गाण्यांची यादी कुठे ठेवायची?

खरी गफलत इथेच होते. अनेक जण प्रत्येक कार्यक्रमासाठी नवे फोल्डर करून सगळी गाणी पुन्हा त्यात कॉपी करतात. वर्षभरात एकाच गाण्याच्या दहा प्रती होतात आणि सुधारलेली कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा सर्व ट्रॅकचे एकच भांडार ठेवावे आणि कार्यक्रमागणिक फक्त यादी, म्हणजे सेटलिस्ट, बनवावी.

पण यादीच्या फायलीत गाणे नसते, गाण्याचा पत्ता असतो. ‘एम३यू’ प्रकारची यादी तर साधा मजकूरच असतो. लॅपटॉपवर बनवलेली यादी तेवढीच पेन ड्राइव्हवर घेतली, किंवा भांडाराच्या फोल्डरचे नाव बदलले, की नावे दिसतात पण वाजत काही नाही. यादी आणि ट्रॅक एकाच मुख्य फोल्डरमध्ये असावेत, पत्ता त्या फोल्डरच्या आतला असावा आणि हलवायचे तर अख्खे फोल्डर हलवावे. ‘एबलटन लाइव्ह’ वापरणाऱ्यांसाठी ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ ही सोय याचसाठी आहे. विखुरलेले सगळे ट्रॅक ती प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आणून ठेवते.

मिक्सरमधल्या यूएसबी प्लेअरला अनेकदा यादी वाचताच येत नाही. तिथे नावाआधी क्रमांक द्यावा लागतो, आणि तो ‘०१’, ‘०२’ असा. नुसते ‘१’, ‘२’ लिहिले तर काही यंत्रे १ नंतर १० वाजवतात. काही प्लेअर नावही बघत नाहीत, ज्या क्रमाने फायली कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी ऐनवेळचा बदल म्हणजे पेन ड्राइव्ह पुसून पुन्हा भरणे.

पट्टी आपोआप कशी बदलते?

सीडीच्या दर्जाची फाइल सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची असते, व्हिडीओसाठीची ४८,०००. पहिली फाइल रूपांतर न करता दुसऱ्या वेगाने वाजली, तर सूर सुमारे दीड अर्धस्वर चढतो आणि पाच मिनिटांचे गाणे साधारण २४ सेकंद आधी संपते. गायकाला वाटते, आज आपलाच आवाज लागत नाही. भांडारातल्या सर्व फायली एकाच दराच्या ठेवल्या की हा घोळ राहत नाही. जागेची चिंता नको. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी घेते, म्हणजे पाच-पाच मिनिटांची शंभर गाणी ५ जीबीच्या आसपास बसतात.

कार्यक्रमाच्या दिवशी काय पाहावे?

एक गाणे संपताच पुढचे आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. निवेदक बोलत असताना पुढचा ठेका सुरू होण्यासारखी फजिती नाही. फोनवरून ट्रॅक वाजवत असाल तर फ्लाइट मोड लावा. दुसऱ्या यंत्रावर तेच फोल्डर तयार हवे, आणि ते आदल्या रात्री उघडून प्रत्येक गाण्याचे पहिले दहा सेकंद ऐकलेले हवे. आवाजाची पातळीही तेव्हाच जुळवता येते.

खुल्या मैदानातला कार्यक्रम असेल तर घड्याळही यादीत धरावे लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण आपला कार्यक्रम त्यातल्या दिवशी असेलच असे नाही. पाहुण्यांच्या सत्कारात अर्धा तास गेला तर कोणती गाणी गाळायची, हे आधी ठरलेले नसेल तर नेमके शेवटचे गाणे जाते, ज्यासाठी लोक थांबलेले असतात. म्हणून जाणकार ऑपरेटर दोन याद्या बनवतात. एक पूर्ण, दुसरी सहा गाणी कमी असलेली. शेवटचे गाणे दोन्हीकडे तेच. साडेनऊला घड्याळ बघून ते दुसरी यादी उघडतात आणि निवेदकाला खूण करतात.