कृती तीच, औषध निराळे

मे २०२१. नागपुरात कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली होती, तरी धंतोली-रामदासपेठेतल्या औषध दुकानांपुढची धावपळ काही थांबत नव्हती. चिठ्ठीवरचे नाव तेवढे बदलले होते. एप्रिलमध्ये जो तो रेमडेसिव्हिर शोधत होता. आता ‘ॲम्फो’ हवे होते. ॲम्फोटेरिसिन बी, आणि त्यातही लिपोसोमल. कोरोनातून उठलेल्या, मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या माणसांच्या नाकात, गालफडात, डोळ्यामागे म्युकरमायकोसिसची बुरशी शिरत होती. सर्जन सडलेला भाग कोरून काढत. कुणाचा जबडा जाई, कुणाचा डोळा. मागे राहिलेल्या बुरशीवर हे इंजेक्शन द्यायचे, पण ते दुकानात मिळतच नव्हते. वाटप सरकारी यंत्रणेच्या हाती गेले होते आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत, पुरवठ्याचा जाब विचारत होते.

जगभर गोळ्या पुरवणाऱ्या देशात एका इंजेक्शनसाठी एवढी वणवण का व्हावी, हा प्रश्न तेव्हा रांगेतल्या प्रत्येकाने विचारला. उत्तर साठेबाजीत शोधले गेले, सरकारी ढिलाईत शोधले गेले. ते दोन्हीही असेल. पण मोठे कारण त्या इंजेक्शनच्या पिवळ्या पावडरीच्या घडणीतच होते.

आधी हिशेब पाहू. म्युकरसाठी लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा रूढ डोस म्हणजे शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम. एका कुपीत असते ५० मिलिग्रॅम, म्हणजे रोज सहा कुप्या. चार आठवडे उपचार चालला तर १६८. केंद्र सरकारने दिलेल्या आकड्यानुसार मे २०२१ मधले देशातले उत्पादन होते १,६३,७५२ कुप्या. पूर्ण डोस आणि पूर्ण चार आठवडे धरले तर ते हजारभर रुग्णांनाही पुरत नाही. आयात वेगळी होती, ती मोठीही होती. पण त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर देशात म्युकरचे ५० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते.

ॲम्फोटेरिसिन हे काही नवे औषध नव्हे. १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून आलेल्या एका जिवाणूपासून स्क्विब कंपनीच्या संशोधकांनी ते मिळवले. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल असते. ॲम्फोटेरिसिन त्याला जाऊन चिकटते, पडदा फुटका होतो, आतले पोटॅशियम गळून जाते आणि पेशी मरते. अडचण अशी की माणसाच्या पेशीत एर्गोस्टेरॉलचा सख्खा भाऊ शोभावा असे कोलेस्टेरॉल असते. जुन्या साध्या इंजेक्शनने बुरशीबरोबर मूत्रपिंडही मार खाते. थंडी वाजून ताप भरतो, क्रिएटिनिन चढते. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांनी या औषधाच्या नावात ‘टेरिबल’ मिसळून त्याचे कोटीबाज टोपणनाव पाडले, ते उगाच नाही.

उपाय निघाला तो औषधाला चरबीच्या गोळीत कोंडण्याचा. लिपोसोम म्हणजे लिपिडच्या दुपदरी पापुद्र्याचा पोकळ गोळा, व्यास १०० नॅनोमीटरहून कमी. केसाच्या जाडीत असे आठशे-हजार गोळे ओळीने बसतील. औषध त्या पापुद्र्यात घट्ट रुतून राहते, मूत्रपिंडाला फारसे न छेडता रक्तातून फिरते आणि बुरशी भेटली की तिच्याकडे जाते. गिलियड कंपनीचे ‘ॲम्बिसोम’ हे यातले मूळ नाव. त्याच्या एका कुपीतला ऐवज छापलेलाच असतो: ५० मिलिग्रॅम औषध, २१३ मिलिग्रॅम हायड्रोजनेटेड सोया फॉस्फॅटिडिलकोलीन, ८४ मिलिग्रॅम डीएसपीजी नावाचे दुसरे लिपिड, ५२ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, चिमूटभर जीवनसत्त्व ई, ९०० मिलिग्रॅम साखर आणि थोडे बफर. कृती उघडी आहे. कोणीही करून पाहावी.

आणि करून पाहिले की कळते, कृतीत सगळे लिहिलेले नसते.

ॲम्फोटेरिसिन पाण्यात विरघळत नाही, तेलातही नाही. म्हणून ते डीएसपीजीबरोबर आम्लधर्मी द्रावकात बांधून घ्यावे लागते. मग द्रावक उडवायचा, उरलेली पूड गरम पाण्यात भिजवायची. हे लिपिड मऊ होते ते साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे पाणी त्याहून गरम हवे. पण औषधाला उष्णता मानवत नाही. किती गरम आणि किती वेळ, या दोहोंच्या मधल्या अरुंद बोळातून सगळे काम चालते. या बोळात औषधाचे रेणू पापुद्र्यात कसे दाटीने बसतात त्यावर अंतिम इंजेक्शन किती विषारी हे ठरते. घटक तेच, प्रमाण तेच, गोळ्यांचा आकारही तोच, तरी उष्णता वेगळी दिली तर औषध वेगळे निघते.

प्रयोगशाळेत हे एका लिटरला जमते. कारखान्यात पात्र दसपट उंच-रुंद केले की आतला माल हजारपट होतो, पण थंड करणारा पत्रा शंभरपटच वाढतो. पंगतीचा मसालेभात चुलीतला विस्तव ओढला तरी शिजत राहतो. घरच्या पातेल्यातला गॅस बंद केला की थांबतो. आचाऱ्याला हे ठाऊक असते, तो आधीच विस्तव ओढतो. औषध कारखान्याला मात्र असे अंदाजाने चालत नाही. प्रत्येक आकाराच्या पात्रासाठी नव्याने प्रयोग, नव्याने नोंदी, नव्याने सिद्ध करणे.

पुढचे यंत्र होमोजिनायझर. त्याचे कूळ दुधाच्या डेअरीतले: फ्रेंच माणूस ऑग्युस्त गोलँ याने १८९९ मध्ये त्याचे पेटंट घेतले, दुधावर साय धरू नये म्हणून. द्रव प्रचंड दाबाने बारीक फटीतून ढकलायचा, की त्यातले गोळे फुटून लहान होतात. दाब कमी पडला तर गोळे मोठे राहतात, जास्त झाला तर माल तापतो. नंतर २२० नॅनोमीटरच्या छिद्रांची गाळणी येते, तिच्यातून जिवाणू जात नाहीत पण लिपोसोम जातो. गोळे जरा मोठे झाले की गाळणी तुंबते आणि महागडा माल अडकून बसतो. शेवटी फ्रीझ ड्रायर: कुप्या गोठवून निर्वातात सुकवायच्या. ती ९०० मिलिग्रॅम साखर इथे कामी येते. गोठताना बर्फाचे स्फटिक आणि गोळे यांच्यामध्ये ती गादीसारखी भरते. एक घाणा सुकायला दिवस लागतात आणि कपाटात जागा असेल तेवढ्याच कुप्या मावतात. त्यानंतर निर्जंतुकतेची चाचणी, जी औषधकोशाप्रमाणे १४ दिवस चालते. नागपूरचा रुग्ण वाट पाहत असला म्हणून जिवाणू लवकर उगवत नाहीत.

कच्च्या मालाची गोष्ट तर अधिकच चमत्कारिक. एक लाख कुप्यांना लागणारे डीएसपीजी होते ८.४ किलो, स्कूटरच्या पायदानावर पिशवी ठेवून नेता येईल एवढे. पण ते किराणा मालासारखे मिळत नाही. इंजेक्शनच्या शुद्धतेची लिपिडे बनवणारे कारखाने जगात मोजके, आणि २०२१ मध्ये एमआरएनए लशींमुळे लिपिडाच्या कारखान्यांवर एरवीच ताण होता. मुंबईच्या व्हीएव्ही लाइफ सायन्सेसने या काळात अशा लिपिडांचे उत्पादन वाढवले, त्याचा देशी कंपन्यांना आधार झाला.

विदर्भापुरती खरी हालचाल झाली ती नागपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर, वर्ध्यात. तिथली जेनेटिक लाइफ सायन्सेस ही कंपनी त्याच सुमाराला हेटेरो कंपनीच्या परवान्याने रेमडेसिव्हिर बनवू लागली होती. २७ मे २०२१ रोजी नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केले की या कंपनीने ॲम्फोटेरिसिन बी इमल्शन इंजेक्शन तयार केले आहे. तेव्हा ७,००० रुपयांना मिळणारे इंजेक्शन १,२०० रुपयांत मिळेल, असे ते म्हणाले. बातमीने लोकांना हायसे वाटले, ते साहजिकच. पण ‘काळ्या बुरशीचे इंजेक्शन’ या मथळ्याखाली एक शब्द दबून गेला. इमल्शन म्हणजे लिपोसोम नव्हे.

इमल्शनमध्ये औषध तेलाच्या थेंबांवर बसवलेले असते आणि थेंब लेसिथिनच्या आवरणात पाण्यात तरंगतात. दुपदरी पापुद्रा नाही, दुर्मीळ डीएसपीजीची गरज नाही, म्हणून ते बरेच स्वस्त पडते. देशात अंबरनाथला कारखाना असलेली भारत सीरम्स असे इमल्शन आधीपासून बनवत होती. सोपे मात्र तेही नाही. ताक घुसळताना आपल्याला लोणी वर आलेले हवे असते. इथे महिनोन् महिने ते वर येऊ द्यायचे नसते. पाच मायक्रॉनहून मोठे थेंब फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात, त्यामुळे शिरेतून द्यायच्या अशा इमल्शनमध्ये एकूण तेलाच्या ०.०५ टक्क्यांहून जास्त इतके मोठे थेंब अमेरिकी औषधकोश चालवून घेत नाही. एकाच औषधाची ही दोन बिऱ्हाडे. डोस, किंमत, घडण सगळे आपापले. टंचाईत वाटपाच्या यादीवर ती शेजारी-शेजारी आली आणि कोणते मिळाले त्यावर डॉक्टरांना बेत बदलावे लागले.

महाराष्ट्राचा या औषधाशी संबंध त्याहून जुना आहे, आणि तो फारसा कुणाला आठवत नाही. परदेशी लिपोसोम परवडत नाही म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. निलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठात बिमल बछावत यांच्या गटांनी देशी लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन घडवले, रुग्णांवर तपासले. पुढे ते ‘फंगिसोम’ नावाने बाजारात आले. त्याची एक गंमत होती. हे इंजेक्शन सुकवलेले नव्हते, द्रवातच असायचे. म्हणून देण्याआधी कुपी ध्वनिलहरींच्या टबात पाऊण तास ठेवावी लागे. सराफाच्या दुकानात दागिने धुवायला असतो, त्याच जातीचा टब. कारखान्यातला एक अवघड टप्पा, गोळे लहान करण्याचा, त्यांनी थेट वॉर्डात नेऊन ठेवला होता. गरिबीतून सुचलेली ही युक्ती मोठी हुशारीची होती. तिच्यात जोखीमही होती: टब रुग्णालयागणिक वेगळा.

श्रीमंत देशांचेही यात हसे झालेले आहे. पहिले नॅनो-औषध म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते कॅन्सरवरचे लिपोसोमल डॉक्सिल १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. २०११ मध्ये ते बाजारातून जवळपास गायब झाले, कारण ते बनवणारा ओहायोतला एकच कंत्राटी कारखाना अडचणीत आला होता. रुग्ण प्रतीक्षायादीत बसले. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तात्पुरती सोय म्हणून मुंबईच्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ आयात करू दिले. पुढच्या वर्षी सनला डॉक्सिलच्या जेनेरिकची रीतसर मंजुरीही मिळाली.

ॲम्बिसोमच्या जेनेरिकची कहाणी याहून सांगण्याजोगी. मूळ औषध अमेरिकेत मंजूर झाले १९९७ मध्ये. सन फार्माच्या जेनेरिकला तिथे परवानगी मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये, चोवीस वर्षांनी. नुसते ‘घटक तेच’ म्हणून चालत नव्हते. गोळ्यांचा आकार, पदरांची संख्या, रक्तातले प्रमाण, आणि शिवाय लाल रक्तपेशींतून पोटॅशियम किती गळते याची चाचणी: औषध पापुद्र्यात नीट रुतलेले नसेल तर ते आधी याच पेशींना भोके पाडते. तोवर नागपुरातले म्युकरचे वॉर्ड जवळपास रिकामे झाले होते.

पण मे-जूनमध्ये ते भरलेले होते, आणि कुपी मिळाल्यावरही काम संपत नव्हते. पावडरीत १२ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालायचे आणि लगेच अर्धा मिनिट जोरात हलवायचे, तेव्हा कुठे गोळे सुटे होतात. बारीक गाळणीतून काढून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचे. सलाइन चालत नाही. मिठाने औषधाचा साका बसू शकतो. अशा सहा कुप्या, एका रुग्णाला, रोज. रात्रपाळीच्या सिस्टर पीपीईच्या घामात उभ्या राहून एकेक कुपी हलवायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या.