खारपाणातील माती आणि भूमिहीनांचा वाटा

भूमिहीनांना जमीन मिळाली पाहिजे ही मागणी आपल्या चळवळीने जितक्या तीव्रतेने केली, तितक्या बारकाईने 'कोणती जमीन' हा प्रश्न आपण विचारला नाही. १९५९ साली महाराष्ट्रात आणि पुढे १९६४ च्या डिसेंबरमध्ये देशभर, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने जो भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्यात लाखो माणसे तुरुंगात जायला तयार झाली. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली साधी आणि न्याय्य मागणी. पण जमीन पडीक का पडते? ज्या देशात बांधाच्या वीतभर मातीसाठी भाऊ भावाचे डोके फोडतो, त्या देशात सरकारच्या हाती उरलेली जमीन सर्वांच्या नजरेतून सुटून राहिलेली असते, हे संभवत नाही. ती बहुधा नाकारून झालेली असते. तिच्यात काहीतरी खोट असते, आणि ती खोट मातीच्या विज्ञानाची भाषा समजल्याशिवाय दिसत नाही. या लेखात त्यापैकी एका खोटीविषयी लिहायचे आहे.

विदर्भात या खोटीचे सर्वांत मोठे क्षेत्र म्हणजे पूर्णा नदीचे खोरे. उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगडच्या रांगा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळणारी पूर्णा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टर जमीन आणि जवळपास नऊशे गावे 'खारपाण पट्टा' म्हणून ओळखली जातात. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर ही नावे वऱ्हाडच्या वाचकाला सांगायला नकोत. माझे बालपण याच पट्ट्यातल्या एका गावात गेले. आता नोकरीनिमित्त चामोर्शीला राहतो. येथले सहकारी 'तुमच्याकडे काय, सगळी काळी जमीन' असे कौतुकाने म्हणतात, तेव्हा त्यांना समजावून सांगणे कठीण जाते. कारण ही जमीन दिसायला खरोखरच काळी, खोल आणि सपाट आहे. खारट जमीन म्हटले की पांढऱ्या क्षाराचा थर डोळ्यांसमोर येतो. इथे तो दिसेलच असे नाही. पाहणारा फसतो आणि घेणाराही फसतो.

क्षारांच्या जमिनीचे दोन प्रकार असतात आणि व्यवहारात त्यांची सर्रास गल्लत होते. एक खारवट, तिच्यात विरघळणारे क्षार जास्त असतात, पिकाच्या मुळांना पाणी ओढणे जड जाते, पण भरपूर गोडे पाणी आणि निचरा मिळाला तर ते क्षार धुऊन जातात. दुसरी चोपण. शेतकऱ्याने दिलेले हे नाव ऐकताच चोपून बसवलेली जमीन डोळ्यांसमोर येते, आणि रसायनशास्त्राला जे सांगायचे ते त्या एका शब्दात बरेचसे आलेले आहे. इथे दुखणे मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमचे आहे. नुसते धुऊन ते जात नाही.

हा सोडियम येतो कोठून? वऱ्हाडचा काळा खडक झिजतो तेव्हा त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम तिन्ही सुटतात. पाऊस खूप असेल तर ते वाहून जातात. पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. क्षार विरघळवायला पुरेसा, वाहून न्यायला अपुरा. उरलेले आठ महिने ऊन जमिनीतील ओल खेचत राहते. ओल आटू लागली की पाण्यातला कॅल्शियम चुन्याच्या रूपाने खाली बसतो. शेत नांगरताना जे पांढरे खडे वर येतात, ज्यांना आपण चुनखडी म्हणतो, ते हेच. कॅल्शियम असा खड्यात कैद झाला की द्रावणात सोडियमचे प्रमाण आपोआप वाढते आणि मातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा तो घेतो.

जागा बदलली एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. कॅल्शियम चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना एकमेकांशी बांधून ठेवतो; त्यांच्या गुठळ्या होतात, गुठळ्यांमध्ये पोकळ्या राहतात, पोकळ्यांतून हवा आणि पाणी फिरते. सोडियम स्वतःभोवती पाण्याचे मोठे वेष्टन घेऊन बसतो आणि कणांना जवळ येऊ देत नाही. गुठळी फुटते, सुटे कण पाण्याबरोबर खाली सरकतात आणि पोकळ्यांची तोंडे बुजवतात. आता वरचे पाणी खाली उतरत नाही. पाणी उतरत नाही म्हणून क्षार धुतले जात नाहीत. क्षार राहतात म्हणून आणखी चुना बसतो. चुना बसतो म्हणून आणखी सोडियम कणांवर चढतो. एकदा सुरू झालेले हे चक्र शतकानुशतके आपोआप चालते.

पाठ्यपुस्तकांत चोपण जमिनीची खूण अशी दिलेली असते की सामू साडेआठच्या वर आणि मातीच्या कणांवरील विनिमयक्षम सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर. हे आकडे अमेरिकेत १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणांवरून आलेले आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील मातीत चिकणमाती साठ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ती फुगणाऱ्या जातीची आहे. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पाच-सहा टक्के सोडियमनेच निचरा बिघडू लागतो, असे विदर्भातील माती-अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे परदेशी मोजपट्टीने 'निर्दोष' ठरलेले शेतही प्रत्यक्षात दोषी असू शकते. प्रमाणपत्र वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

शेतकऱ्याला याचा अनुभव रसायनातून येत नाही, वाफशातून येतो. पावसाची झड लागली की शेत आठ-आठ दिवस चिखल. बैल गुडघ्यापर्यंत रुतणार, निंदण खोळंबणार, कपाशी पिवळी पडणार. उघडीप पडली की तीच जमीन दगड. वखर चालवायला योग्य असे मधले दिवस फार थोडे, आणि त्या थोड्या दिवसांत सगळ्या गावाला एकदमच मजूर हवा असतो. विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर रब्बी बागायत होत नाही. ओलीवर हरभरा निघाला तर निघाला. भूमिहीन मजुराच्या दृष्टीने मातीच्या या दोषाचा अर्थ एवढाच की वर्षातले कामाचे दिवस कमी. शेत ज्याचे आहे त्याचे उत्पन्न बुडते; शेत ज्याचे नाही त्याची चूल बुडते. दुसऱ्या नुकसानीची नोंद तलाठ्याच्या कागदात कुठेच होत नाही.

एक विलक्षण गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या मातीला खारे पाणी दिले तर ती काही काळ मोकळी राहते, कारण पाण्यातील क्षार कणांना विखुरू देत नाहीत. पण त्याच पाण्यातून सोडियम साठत जातो. नंतर स्वच्छ पावसाचे पाणी पडले की साठलेला सोडियम आपले काम करतो आणि माती लापशीसारखी होते. म्हणून 'खारे पाणी वाईट, गोडे पाणी चांगले' एवढ्या सरळ हिशेबाने हा प्रश्न सुटत नाही.

चामोर्शीला हा दोष का नाही? इथेही वैनगंगेचा काठ आहे, पावसाळ्यात पाणी साचते. भाताच्या बांध्यांत तर ते मुद्दाम साचवतात. पण पाऊस पूर्णेच्या खोऱ्याच्या दीडपटीहून अधिक, खडक वेगळा, माती बरीचशी हलकी. वर्षानुवर्षे सोडियम धुऊन नदीला मिळत आला आहे. तेव्हा नुसते पाणी तुंबणे हे चोपण होण्याचे कारण नव्हे. कोरडी हवा, तुंबलेला निचरा आणि चिकण माती हे तिघे एकत्र आले की मग सुटका नाही.

खारपाणाचा दुसरा अर्धा भाग पाण्याचा आहे. पूर्णेचा गाळ काही ठिकाणी तीन-चारशे मीटर खोल आहे आणि त्यातले भूजल खारे आहे. गोडे पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी, किंवा नदी-नाल्यांच्या काठी एखाद्या झिऱ्यात. जिथे गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, तिथे त्या विहिरीवर कोणाचा दोर चालणार हे जातीने ठरवले होते. इतर प्रदेशांत अस्पृश्यांना वेगळी विहीर म्हणजे अपमान. इथे वेगळी विहीर म्हणजे अपमान आणि शिवाय खारे पाणी. आमच्या कवितेत 'खारट' हा शब्द अश्रूंसाठी फार वापरून झाला आहे. खारपाणात तो डाळीसाठी वापरतात, जी त्या पाण्यात शिजता शिजत नाही.

१९३० च्या एप्रिलमध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वऱ्हाडात समुद्र नव्हता. अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडण्यात आला. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात त्याचा अभिमानाने उल्लेख होतो, आणि तो व्हावा. पण त्याच्या तीन वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाणी घेतले होते. एका सत्याग्रहात खाऱ्या पाण्यातून मीठ काढण्याचा हक्क मागितला गेला, दुसऱ्यात गोडे पाणी पिण्याचा. खारपाणातील दलित माणसाला दोन्ही लढे आपलेच म्हणायला हरकत नव्हती. मात्र त्याची तहान कोणत्या लढ्याला कळली होती, हे सांगण्याची गरज नाही.

आता दुरुस्तीविषयी. कर्नाल येथे १९६९ साली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. तिने पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातील कल्लर आणि ऊसर जमिनींसाठी जी पद्धत बसवली तिचे सूत्र सोपे आहे : सोडियमला हुसकायला कॅल्शियम द्या, आणि हुसकलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट द्या. कॅल्शियमसाठी जिप्सम, साधारण हेक्टरी दहा-पंधरा टन. मग शेतात पाणी उभे करून सोडियम खाली धुवायचा, भात घ्यायचा, धैंचा गाडायचा. उत्तर प्रदेशात भूमिहीनांना, त्यांत मोठ्या संख्येने दलितांना, वाटलेल्या जमिनींपैकी पुष्कळ जमीन ऊसर होती. १९९३ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने तेथे सुधारणेचे मोठे काम झाले आणि जिथे गवत उगवत नव्हते तिथे भात-गहू आला. म्हणजे ही माती शापित नाही. तिला दुरुस्तीचा खर्च लागतो.

पूर्णेच्या खोऱ्यात हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. जिप्समने सोडियम सुटेल, पण धुवायला गोडे पाणी कुठले, आणि साठ टक्के चिकणमातीतून ते उतरणार कसे? म्हणून इथे मार्ग वेगळे सुचवले जातात : पावसाचेच पाणी शेततळ्यात धरणे, उताराला आडव्या पेरणीऐवजी जास्तीचे पाणी निघून जाईल अशा सऱ्या व रुंद वाफे काढणे, उघडे चर खोदणे, शेणखत आणि हिरवळीचे खत देणे, जिप्सम थोडे थोडे टाकणे. २०१८ पासून जागतिक बँकेच्याच मदतीने राबवलेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणातील गावे या कामासाठी घेतली होती.

मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चर. जिप्सम एकट्याच्या शेतात टाकता येते. चर एकट्याच्या शेतात संपत नाही. माझ्या शेतातले पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून, त्याच्या पुढच्याच्या धुऱ्यावरून नाल्यापर्यंत गेले पाहिजे. ज्याचे गावात वजन आहे त्याचे पाणी जाते. सरकारी वाटपात चार एकर मिळालेल्या माणसाचे पाणी पहिल्याच धुऱ्यावर अडवले जाते, आणि तक्रार केली तर 'यांना शेती कुठे येते' हे उत्तर तयार असते. डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, तिच्याबरोबर असलेल्या भांडवलावर ठरते, असे प्रतिपादन केले होते. निचऱ्याचा हक्क हेही त्या भांडवलातच धरले पाहिजे, असे मी म्हणेन. सातबाऱ्यावर नाव आहे आणि पाण्याला वाट नाही, ही मालकी अर्धीच.

२००४ पासून चालू झालेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची असते. ही जमीन खासगी मालकांकडून विकत घेतली जाते. ठरलेल्या भावात कोणता मालक आपली चांगली जमीन विकायला काढील, याचा विचार प्रत्येकाने करावा. 'कोरडवाहू' या शब्दात मुरमाड माळही येतो आणि चोपणही येते. तेव्हा खरेदीआधी दोन-तीन फूट खोलीपर्यंतच्या मातीची तपासणी मागावी. वरची वीतभर माती पुष्कळदा चांगली निघते. तपासणीत नुसता सामू आणि नत्र-स्फुरद-पालाश नको, विनिमयक्षम सोडियम हवा. विहिरीचे पाणीही तपासावे. आणि जमीन पाहायला उन्हाळ्यात जाऊ नये. श्रावणात, झड थांबल्यावर चौथ्या दिवशी जावे आणि पाणी कुठे उभे आहे व कोणाच्या धुऱ्याशी अडले आहे ते पाहावे.

हे सारे आता चामोर्शीलाही परके राहिलेले नाही. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. आमच्या वरच्या अंगाला असलेल्या गोसीखुर्द धरणातून सव्वाचारशे किलोमीटर कालव्याने वैनगंगेचे पाणी नागपूर, वर्धा, अमरावती, अकोल्यावरून बुलडाण्यापर्यंत न्यायचे आहे. गोडे पाणी खारपाणाच्या दाराशी येणार, ही गोष्ट आनंदाची. पण नीरा खोऱ्यात १८८५ च्या सुमारास कालवा आला आणि पंचवीस वर्षांच्या आत तेथील क्षारपड जमिनींवर हॅरॉल्ड मॅन यांना अहवाल लिहावा लागला. तिथली माती पूर्णेच्या मातीहून पुष्कळ मोकळी होती. पूर्णेच्या खोऱ्यात कालव्याच्या पाण्याआधी चर खोदावे लागतील, आणि ते खोदताना पहिला चर कोणाच्या शेतातून सुरू होतो हे दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या कार्यकर्त्यांनी नकाशे मागवून पाहावे.