केसाहून लांब जट

मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या यात्रेसाठी कोल्हापूर जिल्ह्यातून एसटीच्या जादा गाड्या सुटतात. त्या गर्दीत एखाद्या वयस्क जोगतिणीची कमरेखाली उतरलेली, भंडाऱ्यानं पिवळी झालेली जट दिसते. लोक हात जोडतात. मला मात्र आधी गणित सुचतं. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दोन ते सहा वर्षं वाढला की थांबतो आणि पुढच्या तीनेक महिन्यांत मुळातून सुटतो. म्हणजे पुरती सहा वर्षं जगलेला केसही 70-75 सेंटिमीटरच्या आसपासच संपायचा. मग दीड मीटरची जट येते कुठून?

येते ती गळलेल्या केसांतून. आपल्या सगळ्यांचेच रोज 50 ते 100 केस गळतात. ते फणीत, उशीवर, न्हाणीच्या मोरीत सापडतात. जटेतला केस मुळातून सुटतो, पण खाली पडत नाही. शेजारचे केस त्याला धरून ठेवतात, त्याच मुळातून नवा केस उगवतो, तोही वाढता वाढता त्याच गुंत्यात शिरतो. जटेचं टोक म्हणजे डोक्याला कधीच सोडून गेलेले केस, आणि त्यांना लोंबकळत ठेवणारे आजचे.

ही पकड कशी बसते, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. केसाच्या अंगावर खवले असतात, राधानगरीतल्या जुन्या घरांवरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले, आणि सगळ्यांच्या कडा टोकाच्या दिशेनं. त्यामुळे दोन केस घासले की मुळाच्या बाजूनं सहज सरकतात, उलटे मात्र अडतात. पुढे जायला वाट, मागे यायला बंदी. गुंता घट्टच होत जातो. लोकरीचं कापड गरम पाण्यात चोळून धुतलं की आटतं, त्यामागचं कारणही हेच. फणी थांबली, तेल आणि भंडारा बसत गेला, की कुणाच्याही डोक्यावर जट तयार होते. देवीला त्यात काही करावं लागत नाही.

तरी ‘जट आली’ म्हणजे आईचं बोलावणं, ती कापली तर कोप, ही भीती आपल्याकडे किती मुलींना देवाला सोडण्याचं निमित्त झाली! कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1920 साली जोगतिणी-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’मध्ये हे जग उभं केलं, आणि 2009 च्या ‘जोगवा’ चित्रपटातल्या सुलीची फरफट केसांतल्या जटेपासूनच सुरू होते. गंमत अशी की हीच भीती हजारो मैलांवरच्या पोलंडमध्येही होती. तिथं जट हा शरीरातला रोग बाहेर पडण्याचा मार्ग मानत, ती कापली तर माणूस आंधळा होईल म्हणत. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी या समजुतीशी उघड भांडण घेतलं. यल्लम्माचं नावही ठाऊक नसलेल्या मुलखात केसांनी तोच गुंता केला आणि माणसांनी तीच भीती धरली.

आता तिसरी मंडळी आली आहेत: हौसेनं ड्रेडलॉक्स ठेवणारी तरुण मुलं-मुली. त्यांना कोपाची भीती नाही, पण मुळांची असायला हवी. कारण हिशोब मुळांशी येऊन ठेपतो. जट लांबते तसं वजन वाढतं. पेलणारी जिवंत मुळं मात्र तेवढीच राहतात. त्यातली काही दमली की उरलेल्यांवर जास्त भार, म्हणून तीही दमतात. सततच्या ओढीनं केस विरळ होण्याचं हे दुखणं 1907 साली ग्रीनलंडमधल्या बायकांत नोंदवलं गेलं. त्या केस डोक्यावर ओढून घट्ट बांधत.

राधानगरीत यात पावसाची भर पडते. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात त्या दिवसांत दोरीवरचा पंचा दोन-दोन दिवस सुकत नाही, तिथं जटेच्या गाभ्याचं काय! केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के पाणी शोषतो, आणि केसांमधल्या फटींत साठतं ते वेगळंच. ओली जट जड होते, कुबट वास धरते, बुरशीला निवारा देते. म्हणून पावसाळ्यात सकाळी लवकर न्हावं, साबण टाळूला लावून खळखळून धुवावा, पंच्यानं पिळून काढावं आणि आतपर्यंत सुकल्याशिवाय बांधू नये. ओल्या केसांचा उंच अंबाडा म्हणजे ओढ आणि दमटपणा एकाच गाठीत.

मुळं पुन्हापुन्हा पिळून घट्ट करण्याचा सोस तर सगळ्यात वाईट. दर आठवड्याला सलूनमध्ये चापूनचोपून घेणाऱ्यांचं कपाळ लवकर मोठं होतं. महिना-दीड महिन्यानं, तेही ओलसर केसांवर आणि सैल हातानं, पुरेसं आहे. एखादी जट मुळाशी दोऱ्याएवढी बारीक झाली असेल, तर तिला शेजारणीशी जोडून भार वाटून द्यावा, नाहीतर लांबी सरळ कमी करावी. केसाच्या दांड्यात जीव नसतो, कात्री लागली तरी दुखत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी शंभराहून अधिक बायकांच्या जटा अशाच काढल्या आहेत. कात्रीपेक्षा समजूत घालायलाच जास्त वेळ लागतो.

केस बांधल्यावर टाळू दुखणं, मुळाशी बारीक पुटकुळ्या येणं, कानशिलांवर विरळ पट्टा दिसणं, ही ओढीची पहिली लक्षणं. इथं थांबलं, केस सैल सोडले, तर काही महिन्यांत बारीक लव फुटते. वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मुळाच्या जागी वण धरतो आणि तिथं पुन्हा केस येत नाही. कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली आहे की केसांची छिद्रं अजून दिसतात, हे त्वचारोगतज्ज्ञ भिंगातून पाहतात. छिद्रं दिसली तर उपचाराला वाव असतो.