खमिराच्या कणातील वेशी

नानाच्या पिठात घालावयाचे खमीर आपल्या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यातील पीठ फुगविणारे यीस्ट म्हणजे एकेका पेशीचे सूक्ष्म सजीव होत. ही पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते. परंतु तिच्या आतही तटबंदी आहे, वेशी आहेत आणि वेशीवर तपासणीही आहे.

बीदरच्या किल्ल्यात शिरावयाचे तर शर्झा दरवाजा व गुंबद दरवाजा ओलांडावे लागतात. पेशीतील किल्ला म्हणजे केंद्रक. त्याच्या दुहेरी पडद्याआड आनुवंशिक माहितीचे दप्तर सुरक्षित असते. प्रथिने मात्र बाहेर, पेशीद्रवात तयार होतात. दप्तरातील कोणते पान केव्हा उघडावयाचे हे ठरविणाऱ्या प्रथिनांना आत जावेच लागते. त्याकरिता यीस्टच्या केंद्रकास सुमारे १०० ते २०० छिद्रे असतात. प्रत्येक छिद्र सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांनी बांधलेले असते.

लहान रेणू या छिद्रांतून सहज निसटतात. मोठ्या प्रथिनांना परवाना लागतो. हा परवाना प्रथिनाच्या साखळीतच लिहिलेला असतो. प्रथिने आपला पत्ता स्वतःबरोबर बाळगतात, या शोधाबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परवाना ओळखून इंपोर्टिन नावाचे वाहक प्रथिन माल आत नेते. आत रॅन हे प्रथिन वाहकास धरते व माल सुटतो. बाहेर नेणारे वाहक निराळे असतात.

आता या ये-जा करण्याचा उपयोग पाहा. यीस्टला ग्लुकोज भरपूर मिळत असता मिग-१ हे प्रथिन केंद्रकात बसून इतर साखरा पचविण्याची पाने मिटून ठेवते. ग्लुकोज सरले की त्यावर फॉस्फेटचा शिक्का बसतो व काही मिनिटांत त्याची बाहेर रवानगी होते. मग ती पाने उघडतात. प्रथिन तेच, जागा पालटली की काम पालटले.

माणसाच्या पेशीचे विभाजन होताना केंद्रकाचा पडदा विरतो; यीस्टचा तसाच राहतो. म्हणून वेशींच्या अभ्यासास यीस्ट फार सोयीचे. १९८९ साली जपानी शास्त्रज्ञांना एका जातीच्या यीस्टमध्ये सीआरएम-१ हे प्रथिन सापडले. ते बाहेर नेणारे वाहक आहे, हे १९९७ साली उमगले. तोच वाहक माणसातही आहे. काही कर्करोगांत तो पेशीच्या रखवालदार प्रथिनांना केंद्रकाबाहेर काढीत राहतो आणि रोग मोकाट वाढतो. या वाहकास अडविणारे सेलिनेक्सॉर हे औषध २०१९ साली अमेरिकेत अस्थिमज्जेच्या एका कर्करोगासाठी मंजूर झाले. त्याने रोग समूळ जातो असे नव्हे. त्याचे त्रासही आहेत. तथापि इतर औषधे थकलेल्या रुग्णांस एक मार्ग मिळाला.

आपल्या घरातील एखादे मूल सूक्ष्मदर्शकाखाली खमीर पाहू लागले, तर ‘याचा काय उपयोग?’ असे विचारून त्यास उठवू नये, एवढीच पालकांस विनंती.